तिसऱ्या आजोबांची रजा

ये, इकडे ये, खुर्ची ओढ आणि अशी जवळ बस. मुद्दाम लिहून पाठवते आहे, कारण फोनवर बोलले की तू मला स्पीकरवर टाकून भांडी घासतेस आणि मध्येमध्ये ‘हो मामी, हो मामी’ करतेस. कागद हातात धरून भांडी घासता येत नाहीत. बस.

रुसलीस ना? ‘मामी, तूसुद्धा नाही आलीस’ एवढंच म्हणालीस आणि फोन तुझ्या सासऱ्यांच्या हातात दिलास. ते बिचारे मला सांगत बसले, वास्तुशांतीला किती माणसं जमली, तिकडे टेक्सासात, अर्विंगमध्ये गुरुजी कसे मिळाले, होमाचा धूर झाला आणि अलार्म कसा बोंबलला. तू मागून एकदाही ‘मला द्या फोन’ म्हणाली नाहीस. दोन पोरांची आई तू, आणि अजून फुगून बसतेस? आधी कारण विचारायचं असतं गं.

तर कारण हे, की तुझी वास्तुशांत शुक्रवारी होती आणि आमच्या नातीला शुक्रवारी शाळा असते.

हसलीस. पोरगी दुसरीत आहे, एक दिवस बुडला तर काय बिघडतं, हेच ना? मीही तुझ्यासारखीच हसले असते. या जानेवारीपर्यंत हसतच होते.

जानेवारीत पत्र आलं. इथे मिशिगनमध्ये जानेवारीत पत्रपेटीपर्यंत जायचं म्हणजे बूट, कोट, टोपी सगळा साज चढवावा लागतो, म्हणून आठवड्याचं टपाल एकदम येतं. जावयाने ते पाकीट स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच फोडलं. मी मेथी निवडत होते. त्याने एकदा वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि ओट्याला टेकला.

“काय आहे हो?” मी विचारलं.

“शाळेचं आहे, आई. अटेंडन्सचं.”

“मग घाम का फुटला तुम्हाला?”

त्याने पत्र माझ्या लेकीकडे दिलं. ती घरूनच काम करत होती, कानात ते यंत्र तसंच ठेवून तिने वाचलं. मग मला मराठीत सांगितलं, हळूहळू, जसं डॉक्टरचं सांगतात तसं. तुमच्या मुलीचे या वर्षीचे गैरहजर दिवस मर्यादेच्या पलीकडे गेले आहेत. त्यातल्या नऊ दिवसांचं कारण तुम्ही ‘आजोबांचं निधन’ असं दिलं आहे. परंतु आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या मुलीचे एक आजोबा ती केजीत असताना वारले आणि दुसरे ती पहिलीत असताना. तरी शाळेत येऊन खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर प्रकरण काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीकडे जाईल, तिथून कोर्टाकडे जाऊ शकेल, आणि पालकांना दंड होऊ शकेल.

म्हणजे काय ते समजलीस ना? माणसाला दोनच आजोबा असतात, तुमचे दोन्ही संपले, हा तिसरा मेलेला कुठून आणलात? असं त्यांनी फार सभ्य भाषेत विचारलं होतं.

आता तो तिसरा कोण, ते तुला नीट माहीत नाही, कारण तू माझ्या सासरकडची. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, तुला माहीत. जावयाचे वडील पुण्याचे, त्यांनाही तू लग्नात पाहिलंस. तिसरे म्हणजे माझा दादा, नागपूरचा माझा सख्खा मोठा भाऊ. डिसेंबरात तो गेला.

दादाचं तुला थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, तेव्हा ऐक. मी पाचवीत होते तेव्हा आईला पाचवं मूल झालं. त्याला सांभाळायला घरात हवं कोणी, म्हणून मला शाळेतून काढलं. कुठे काही लिहून द्यावं लागलं नाही. सोमवारी मी शाळेत गेले नाही, मंगळवारी गेले नाही, मग गेलेच नाही. एकही मास्तर दारात आला नाही. आला तो दादा. स्वतःची सातवीची पुस्तकं घेऊन तो संध्याकाळी पाळण्याशेजारी बसायचा आणि म्हणायचा, “एका हाताने पाळणा हलव, दुसऱ्या हाताने ओळ धर.” मी आज हे जे तुला लिहिते आहे ना, ते त्या पाळण्याच्या दोरीवर शिकलेलं आहे. पुढे मी वर्तमानपत्र वाचलं, पुड्यांचे कागद वाचले, लेकीची कॉलेजची पुस्तकं चाळली, इथे येऊन डब्यांवरची इंग्रजी अक्षरं लावली. पण पहिली ओळ दादाने धरायला लावली.

आणि माझ्या लेकीला इंजिनिअरिंगला नागपुरात प्रवेश मिळाला तेव्हा ती चार वर्षं त्याच्याच घरी राहिली. त्याला मूलबाळ नव्हतं, वहिनी लवकर गेली होती. तिचा डबा तो भरायचा. तिची फी भरायला रांगेत तो उभा राहायचा. इथे अमेरिकेत आल्यावर दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल. नात समोर दिसली की ओरडायचा, “काय करून राहिली गं पोरी? पाढा म्हण.” मग बे एके बे सुरू. नात इंग्रजीत बोलते, पण पाढे मराठीत म्हणते. ‘बे पंचे दहा’ म्हणताना मान हलवते, अगदी त्याच्यासारखी. तिने त्याला कधी मामा म्हटलं नाही, चुलत-मावस काही लावलं नाही. ‘नागपूरचे आजोबा’ म्हणायची, आणि मला सांग, दुसरं काय म्हणायचं असतं?

तर तो गेल्याचा फोन आला आणि आम्ही चौघंही निघालो. बाकीची भावंडं आधीच गेलेली, त्याला पिंड द्यायला दुसरं कोणी नव्हतं, तो जावयालाच द्यायचा होता. विमानतळावर रांगेत उभं राहून जावयाने शाळेचा रजेचा फॉर्म फोनवर भरला. त्यात नात्यासाठी चार पर्याय: आईवडील, भावंड, आजी-आजोबा, इतर. ‘इतर’ निवडलं की रजा माफ होत नाही, असं खाली लिहिलेलं. तो काही तो नियम वाचून ठरवायला बसला नव्हता. त्याने मला विचारलं, “आई, आजोबाच टाकू ना?” मी म्हटलं, “मग काय इतर टाकणार?” झालं. त्याने आजोबा टाकलं. चूक म्हण, खोटं म्हण, जे काही झालं ते एवढंच.

रजा दोन प्रकारच्या असतात बरं का इथे, एक एक्स्क्यूज्ड आणि एक अनएक्स्क्यूज्ड. म्हणजे एक माफ केलेली आणि एक माफ न केलेली. मी लेकीला विचारलं, “अगं पण माफी कोणी कोणाची मागायची? माणूस आपलं मेलं.” ती म्हणाली, “आई, तो नुसता शब्द आहे.” नुसता शब्द कसा? त्याच शब्दावर पुढचं सगळं रामायण झालं.

नागपुरात रोज संध्याकाळी साडेआठला, घरात गुरुजींची पोथी चालू असताना, जावयाचा इकडचा फोन वाजायचा. इथे तेव्हा सकाळचे दहा. यंत्राचा आवाज सांगायचा, की तुमचं मूल आज एक किंवा अधिक तासांना गैरहजर आहे. एकदा कळवलं होतं, तरी रोज. गुरुजी थांबायचे, चष्म्यावरून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “कोणी नातेवाईक आहेत का, रोज चौकशी करतात?” लेक म्हणाली, “हो, लांबचे.”

दहाव्याला कावळा शिवेना. पाऊण तास बसलो. लेकीने काही कबूल केलं, मी काही कबूल केलं, कावळा आपला भिंतीवर. मग नात पुढे झाली आणि म्हणाली, “आजोबा, आय विल लर्न बाराचा पाढा. प्रॉमिस.” कावळा उतरला. तू विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू. त्या नऊ दिवसांत पोरीचं शिक्षण बुडालं असं ते पत्रात लिहितात, म्हणून सांगितलं.

आता मी काही अगदीच आडमुठी नाही. शाळेचा नियम हवा. मला नको का वाटेल? माझ्या बापाला असं एक पत्र आलं असतं, दंडाचं, कोर्टाचं, चांगलं शिक्क्याचं, तर मी सहावीत गेले असते. कितीदा मनात आलं आहे ते. पण ज्याच्या पोरीला खरंच घरी डांबलंय त्याच्यासाठी केलेली काठी, आणि ज्यांची पोर ताप आला तरी शाळेत जायचं म्हणून रडते त्यांच्या पाठीत घालायची? आणि कोणासाठी? ज्या माणसाने आमच्या घरात शिक्षण आणलं, नेमका त्याच्या नावाने?

जावई दंडाला घाबरला नव्हता. तो म्हणाला, “दंड काय, भरू. पण कोर्टात नाव गेलं तर ग्रीनकार्डच्या अर्जात लिहावं लागेल. आपण इतकी वर्षं रांगेत आहोत, आई. त्यात हे.” ते दोघं कामाच्या व्हिसावर आहेत हे तुला माहीत आहे. साधी गाडी चुकीच्या जागी लावली तरी त्यांचा जीव वरखाली होतो. आणि इथे शाळा विचारत होती, तुम्ही खोटं बोललात का.

मी म्हटलं, मीही येते शाळेत. लेक म्हणाली, “आई, तू नको.” मी म्हटलं, “भाऊ माझा मेला की तुझा?” मग घेऊन गेली.

लहान मुलांच्या खुर्च्यांसारख्याच बुटक्या खुर्च्या होत्या. समोर मुख्याध्यापिका आणि शेजारी हजेरीच्या ऑफिसातली बाई. बाई वाईट नव्हती हो. कपाळावर चष्मा, हसरी, टेबलावर गोळ्यांची बरणी. मला म्हणाली, बसा, कॉफी हवी का. मग फाईल उघडली. तीन फॉर्म ओळीने मांडले. एक आजोबा, दोन आजोबा, तीन आजोबा. आणि लेकीकडे बघून थांबली.

लेक चांगलं बोलली. म्हणाली, आमच्यात आजोबांच्या वयाच्या जवळच्या माणसाला आजोबाच म्हणतात, मी यांच्या घरी राहून शिकले, माझ्या मुलीने यांना आजोबाच मानलं. फॉर्ममध्ये दुसरा शब्द नव्हता. मुख्याध्यापिका मान हलवत होती. जावई म्हणाला, मृत्यूचा दाखला देतो, भाषांतर करून देतो. त्यावरही तिची मान हलली. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात ती हजेरीवाली बाई माझ्याकडे वळली. सावकाश, मोठ्या आवाजात, जसं आपल्याशी बोलतात तसं, म्हणाली, “ही वॉज युअर ब्रदर?”

मी म्हटलं, “येस. माय ब्रदर. बिग ब्रदर.”

ती म्हणाली, “सो, ही वॉज हर ग्रेट अंकल.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या दिवसांत दादाबद्दल कोणी एक चांगला शब्द बोललं. माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “येस, येस. व्हेरी ग्रेट अंकल.”

लेकीने डोळे मिटले. बाईने पेन उचललं.

तुला इंग्रजी येतं, तुला कळलं असेल. मला गाडीत बसल्यावर सांगितलं. आजीच्या भावाला यांच्यात ग्रेट अंकल म्हणतात. तो थोर असो, चोर असो, ग्रेटच. ती त्याची स्तुती करत नव्हती, त्याचं नातं ठरवत होती. आणि मी तिचा हात धरून सांगितलं, की हो बाई, तुमचंच बरोबर, तो आजोबा नव्हता.

ग्रेट अंकल म्हणजे ‘इतर’. बाईने ‘आजी-आजोबा’ खोडलं आणि ‘इतर’ लिहिलं. मुख्याध्यापिका म्हणाली, तुम्ही मुद्दाम खोटं लिहिलं असं आम्ही म्हणत नाही, गैरसमज झाला, काउंटीला आत्ता कळवणार नाही. पण नऊ दिवस आता माफ नाहीत. तेव्हा एका करारावर सह्या करा: शाळेचं वर्ष संपेपर्यंत एकही दिवस गैरहजर नाही, आजारी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी हवी, चिठ्ठी नसेल तर पुढचं पत्र थेट काउंटीचं. आणि दुरुस्त केलेल्या फॉर्मवरही सही हवी, की नातं बरोबर आहे.

लेकीने करारावर सही केली. फॉर्म समोर आला तेव्हा पेन नुसतं धरून बसली. चार वर्षं ज्याने हिचा डबा भरला, तो ‘इतर’. मला म्हणाली, “आई, करू?” जावई खिडकीबाहेर बघत होता. मी काय सांगणार होते? माझ्याच तोंडाने घोळ घातलेला. मी म्हटलं, “कर बाई. दादा काही फॉर्म वाचत नाही.”

तिने सही केली. त्या बाईने निघताना नातीसाठी बरणीतली गोळी दिली. मी ती घेतली नाही. उगाच का खोटं सांगू, हात पुढे केलाच नाही मी.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात बर्फ पडला आणि शाळेनेच दोन दिवस सुट्टी दिली. पुन्हा एक दिवस, फार थंडी म्हणून. हे तीन दिवस बुडाले तेव्हा कोणी कोणाला पत्र पाठवलं नाही. शाळेने सही केली नाही कशावर. मी लेकीला म्हटलंही, “यांना विचार, हे दिवस कोणाच्या आजोबांचे?” ती पहिल्यांदा हसली.

हे इथवर मी सहन केलं असतं. माझा खरा जळफळाट झाला तो फेब्रुवारीत.

आम्ही घरात हळू बोलतो असं आम्हाला वाटतं. पोरांना सगळं ऐकू जातं. फेब्रुवारीत एक दिवस नात सकाळी जास्तच शहाण्यासारखी वागली. दूध प्यायली, वेणी घालताना ओरडली नाही. मी तिच्या मानेला हात लावायला गेले तर बाजूला सरकली, म्हणाली, “आजी, आय एम लेट.” अकरा वाजता शाळेतून नर्सचा फोन. पोरगी फणफणली आहे, ताबडतोब घेऊन जा. आणि वर विचारलं, इतका ताप असताना मुलीला शाळेत पाठवलंच कसं?

शाळाच विचारत होती हो हे.

घरी आणल्यावर मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. ती म्हणाली, “आजी, आय डिडन्ट टेल. मम्मा विल गो टू कोर्ट.” मी म्हटलं, “कोण म्हणालं तुला?” तर म्हणाली, “बिकॉज ऑफ नागपूरचे आजोबा. ही इज नॉट रिअल.”

मी पट्टी बदलायला उठले ती सरळ न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. सात वर्षांची पोर. तिच्या डोक्यात काय बसलं बघ, की आजोबा खोटे होते आणि त्यांच्यामुळे आईला कोर्टात नेतील. आणि म्हणून अंगात ताप घेऊन ती बाकावर बसून राहिली तीन तास. याला हजेरी म्हणायची? मी पुन्हा जवळ बसले आणि तिला सांगितलं, “नागपूरचे आजोबा खरे होते. त्या कागदात चार खणच होते, त्यात ते मावले नाहीत. कागद लहान होता.” तिने विचार केला आणि म्हणाली, “दे शुड यूज अ बिगर पेपर.” आणि झोपली.

डॉक्टरची चिठ्ठी घेतली, दिली, ते सगळं झालं. तेव्हापासून ती एक दिवसही चुकलेली नाही. पण सकाळी मी तिच्या मानेला हात लावल्याशिवाय तिला दाराबाहेर सोडत नाही, आणि तीही आता सरकत नाही. एवढं मिळवायला मला दोन महिने लागले.

आणि मग तुझं आमंत्रण आलं. शुक्रवारची वास्तुशांत. लेकीने कॅलेंडर बघितलं, तिकिटं बघितली, शाळा सुटल्यावर निघून पोहोचता येतं का बघितलं. मी एकटी आले असते, पण मला विमान बदलायची भीती वाटते आणि लेक मला एकटी सोडत नाही. जावई म्हणाला, “डॉक्टरची चिठ्ठी आणू एखादी?” लेक त्याला म्हणाली, “आता खरोखरचं खोटं बोलायचं?” रात्री जेवणं झाल्यावर लेकीनेच तुला ‘जमणार नाही, सॉरी’ असा तो तीन शब्दांचा मेसेज पाठवला, ज्याच्यावर तू इतके दिवस फुगून बसली आहेस. कारण लिहायची तिला लाज वाटली गं. शिकलेली पोर ती. शाळेने आपल्याला खोटारडं ठरवलं, हे कसं लिहिणार? म्हणून मी लिहिते. मला कसली लाज, मी पाचवी नापास पण नाही, पाचवीतून उचललेली.

तर आता राग सोड आणि तू ये. आम्हाला जूनमध्ये शाळा सुटेपर्यंत हलता येत नाही, तुला येतं. शुक्रवारी संध्याकाळी निघ, रविवारी परत जा, पोरांची शाळा बुडवू नकोस, नाहीतर तुझ्याकडे पण पाकीट येईल. मी पुरणाचं करीन. नातीचा बाराचा पाढा झाला आहे, आता ती तेराच्या मागे आहे, ऐकणारं मात्र कोणी नाही. मला मध्येच झोप लागते.

आणि तुझ्या सासऱ्यांना घेऊन ये, एकटे सोडून येऊ नकोस त्यांना. फोनवर त्यांचा आवाज ऐकून नातीने विचारलं होतं, हे कोण. मी सांगितलं, अर्विंगचे आजोबा. लवकर या, माझ्या पुरणपोळ्या थंड व्हायच्या आत.